एका घरातले चंद्र-शनी

गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे अंशबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई, कारण समोर जास्त बोलायची कुणाची टाप नव्हती. पत्रिका दाखवायला आलेल्या माणसाने "माझा गुरू कुठल्या घरात आहे?" असं विचारलं की बाई आधी चष्मा काढायच्या, पुसायच्या, पुन्हा चढवायच्या आणि म्हणायच्या, "घरात काय, सगळेच कुठल्या ना कुठल्या घरात असतात. अंश किती ते विचारा." विचारणारा बिचारा मुलीचं लग्न कधी ठरेल एवढंच विचारायला आलेला असायचा. अंश म्हणजे ग्रह त्या घरात नेमका कुठे बसलाय, दारापाशी की पार मागच्या भिंतीला टेकून, हे बाई त्याला समजावत बसायच्या आणि तो मान डोलावत हळूच घड्याळाकडे बघायचा.

बाईंचे वडील अगदी उलट. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते भरात होते तेव्हा या खोलीच्या पायऱ्यांवर सकाळपासून माणसं बसून असायची, आणि गुरुजी एकेकाची पत्रिका हातात घेऊन, बारा घरांवरून नजर फिरवून, पुढ्यातला चहा निवायच्या आत भविष्य सांगून मोकळे व्हायचे. लोक हसत पायऱ्या उतरायचे, हे मात्र खरं. आता त्यांचे डोळे गेले होते. आतल्या खोलीत खाटेवर बसून रेडिओ ऐकायचा आणि बाहेर लेक लोकांना काय सांगतेय तिकडे कान लावायचा, एवढाच त्यांचा उद्योग उरला होता.

"तू माणसाला पत्रिका समजावतेस," ते अधूनमधून म्हणायचे. "माणूस येतो तो स्वतःचं काहीतरी घेऊन."

"आणि तुम्ही गोड बोलून वाटेला लावायचात," बाई म्हणायच्या.

बापलेकीचं हे भांडण इतकं जुनं झालं होतं की त्यात आता धार राहिली नव्हती. सवयीने चालायचं, जेवणानंतरच्या सुपारीसारखं.

त्या दिवशी दुपारी जी बाई आली, ती बसस्टँडवरून थेट आली होती. साठीची असेल. अंगावर धुतलेलं, इस्त्रीचं लुगडं, हातात कापडी पिशवी. त्या पिशवीची शिवण इतकी सरळ होती की बाईंची नजर आधी तिकडेच गेली. चपला काढून ती दारातच उभी राहिली. आत यायचं धाडस होत नव्हतं की काय कोण जाणे.

"गुरुजी आहेत का?"

"आहेत, पण ते आता पत्रिका बघत नाहीत. मी त्यांची मुलगी. मीच बघते. या, बसा."

ती खुर्चीच्या काठावर टेकली. "मला एकच विचारायचंय. तुमचा फार वेळ नाही घेणार. पाचला हॉस्पिटलात भेटायला सोडतात."

पिशवीतून तिने प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला एक कागद काढला. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून पातळ कापडाची पट्टी लावलेली होती. अक्षर गुरुजींचं. ते बाईंनी लांबूनच ओळखलं.

"मुलाची पत्रिका आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी त्याची छाती उघडणार आहेत. हृदयाची झडप बदलायचीय. काल माझ्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, तो तुला बोलावतोय. म्हणतोय, ऑपरेशनच्या आधी तिला एकदा ये म्हणावं." ती थांबली. "आजवर कधी बोलावलं नव्हतं हो त्याने. मी जाऊ का, एवढंच सांगा."

"मुलाने बोलावलंय तर जायचं. त्यासाठी पत्रिका कशाला लागते?"

"मला लागते. गुरुजींनीच सांगितलं होतं, जवळ जाऊ नकोस म्हणून."

आतला रेडिओ बंद झाला. बाईंनी तो बंद होताना ऐकला आणि वडील कान देऊन बसलेत हे त्यांना कळलं.

मग तिने सांगितलं ते असं. शिवणकाम करायची ती, अजूनही करते. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. पोरगा अजून कुशीवर वळायलाही लागला नव्हता तेव्हा नवरा वखारीत कामावर गेला आणि लाकडाची थप्पी अंगावर कोसळून तिथेच गेला. त्याच महिन्यात पोराला ताप भरला. औषध झालं, डॉक्टर झाले, ताप काही उतरेना. कुणीतरी म्हणालं, गुरुजींना दाखव. ती पोराला मांडीवर घेऊन याच पायऱ्यांवर आपला नंबर यायची वाट बघत बसली. गुरुजींनी पत्रिका मांडली, तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं, चंद्र-शनी युती आहे. चंद्र म्हणजे आई. आईच्या मांडीला मांडी लावून शनी बसलाय. तुझी सावली या पोराला सोसायची नाही. लांब ठेव, तर वाचेल.

"माझी मोठी बहीण इथेच राहते, तिला मूल नव्हतं. त्याच दिवशी तिच्या ओटीत घातला," ती म्हणाली. "नेला आणि ताप उतरला. मग मी आणखी कुठला पुरावा मागायचा होता?"

बाईंनी पत्रिकेचा कागद आपल्याकडे ओढला.

"इथे राहिले असते तर पाय तिकडे वळले असते, म्हणून मी गावच सोडलं. त्याच्याबरोबर एका छपराखाली कधी झोपले नाही. त्याच्या लग्नात शेवटच्या रांगेत बसले आणि जेवायच्या आधी निघाले. पण कपडे मी शिवायची हं त्याचे. बहीण मापं कळवायची. शाळेच्या पहिल्या सदऱ्यापासून ते लग्नाच्या कोटापर्यंत सगळं माझ्या हातचं. त्याची छाती किती इंच आहे ते त्या डॉक्टरच्या आधीपासून मला माहीत आहे."

हे शेवटचं वाक्य तिने ताठ बसून म्हटलं. मग पुन्हा हात पिशवीवर ठेवून बाईंकडे बघत राहिली. कोर्टात निकाल ऐकायला आलेलं माणूस बघतं तसं.

बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला. जन्मतारीख, वेळ, ठिकाण, सगळं कागदावरून उतरवून घेतलं. पडद्यावर आकडे आले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. तारीख चुकून दुसरीच टाकली का म्हणून पुन्हा भरली. जन्मवेळ मागेपुढे करून पाहिली. आकडे फारसे हलले नाहीत.

कागदावर एका घरात गुरुजींनी 'चं' आणि 'श' लिहिले होते, एकमेकांना चिकटून, कारण घर लहान आणि पेन जाड. आकाशात मात्र त्या दोघांमध्ये जवळजवळ अख्खी रास होती. चंद्र नुकता तिच्या दारातून आत आलेला, शनी पलीकडच्या टोकाला, बाहेर पडायच्या बेतात. याला युती म्हणत नाहीत. एका घरात म्हणजे एकत्र नव्हे, हे बाई शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगत, आणि दुसऱ्या दिवशी कुणी विसरून आलं तर त्याची खैर नसे.

"पाणी आणते," म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या.

गुरुजी खाटेवर सरळ बसले होते. हात गुडघ्यांवर.

"ऐकलंत?"

"ऐकलं." मग ते म्हणाले, "ती मला आठवत नाही. आठवायला हवी होती, पण खरंच नाही आठवत गं." आणि मग त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "अंश किती?"

बाईंनी सांगितले. दोन्ही आकडे, हळू आवाजात. गुरुजींना हिशेब मांडायला वेळ लागला नाही. त्यांची बोटं गुडघ्यावर एकदा उघडली आणि मिटली.

"पंचांगात असतात अंश," ते म्हणाले. "पान समोर उघडं असायचं. खालच्या ओळीत बघायचं फक्त. पण बाहेर माणसं खोळंबली होती, आणि ती पोर नुकती नवरा गमावून आलेली. मला वाटलं, दिसतंय की सगळं समोर." त्यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला. "तिला सांग, शनीची पीडा सरली. आता खुशाल जा म्हणावं. ती जाईल, पोराला बघेल. आणखी काय हवंय तिला?"

"एक चुकीचं सांगितलंत, त्यावर आता मी दुसरं चढवू?"

"तू खरं सांगशील. सांग. पण ते कुणाच्या डोक्यावर चढवणार आहेस, त्याचा विचार कर."

बाईंनी विचार केला नाही, असं नाही. केला, पण उभ्या उभ्या आणि घाईघाईने. त्यांना वाटलं, खरं कळलं की ही मोकळी होईल. भीतीच मुळात खोटी होती म्हटल्यावर उरलं काय? आणि खोटं कशाला बोला, वडिलांशी चाललेल्या त्या जुन्या भांडणात शेवटी आपलंच बरोबर निघालं, याची एक लहानशी ऊबही त्यांच्या मनात कुठेतरी होतीच. पाण्याचा पेला घेऊन त्या बाहेर आल्या.

"हे बघा," त्या समोर बसत म्हणाल्या. "तुम्ही आत्ता या दाराशी बसलात. समजा, मी तिकडे मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. खोली एकच. बाहेरच्या माणसाने विचारलं तर कुणीही सांगेल, दोघी एकाच खोलीत आहेत. पण आपण एकत्र बसलोय असं म्हणता येईल का?"

"नाही."

"तसं आहे हे. चंद्र आणि शनी एका घरात आहेत, पण एकमेकांपासून फार लांब. त्याला युती म्हणत नाहीत. वडिलांनी तेव्हा घर बघितलं, अंश बघितले नाहीत. चूक आमच्या घराची आहे. तुमची सावली त्याला कधीच बाधणार नव्हती. तुम्ही निश्चिंत मनाने जा."

तिने पेला तोंडापर्यंत नेला होता तो न पिताच खाली ठेवला.

"म्हणजे युती नव्हतीच?"

"नव्हती."

"तेव्हापण नव्हती?"

"तेव्हापण नव्हती."

ती कागदाची घडी घालू लागली. घडीवर घडी बरोबर बसेपर्यंत नखाने दाबत राहिली. मग कागद पाकिटात आणि पाकीट पिशवीत ठेवून ती म्हणाली, "नाही. असं नसणार. होती ती."

"मी दोनदा तपासलंय."

"तुमचं मशीन बिघडलं असेल." आवाज वर गेला नाही, उलट खालीच आला. "मी लांब राहिले म्हणून तो जगला. ताप उतरला, ते काय उगाच? बाई, मी त्याच्यासाठी दुसरं काय केलंय सांगा. भरवलं बहिणीने. बोट धरून शाळेत सोडला बहिणीने. आजारपणात उशाशी बसली ती. मी एकच गोष्ट केली. गेले नाही. सणवार आले, त्याला बाळ झालं, मी गेले नाही. प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं, तू इथे बसलीस म्हणून तो तिथे नीट आहे. आणि आता तुम्ही म्हणता, त्याची गरजच नव्हती."

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"युती होती," ती उभी राहत म्हणाली. "आणि होती तर अजून आहे. पत्रिका काय बदलते? उद्या त्याची छाती उघडणार, आणि मी आज तिथे जाऊन उभी राहू? नाही व्हायचं माझ्याच्याने. बरं झालं विचारलं. साडेपाचला परतीची गाडी आहे."

तेव्हा बाईंना लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्या तापाव्यात अशी. या बाईने आयुष्यभर एकच गोष्ट कमावली होती, आणि आपण ती आकडे दाखवून काढून घ्यायला निघालो होतो. आणि करून काय मिळवलं, तर ती निघाली परत बसस्टँडवर, आणि तिकडे मुलगा दाराकडे बघत पडलेला. वडिलांचं ते तयार वाक्यही आता हातचं गेलं होतं. 'नव्हतीच' म्हणून बसल्यावर 'सरली' कुठल्या तोंडाने म्हणणार?

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक मिनिट बसा. माझं सांगून संपलेलं नाही."

हे मात्र सपशेल खोटं होतं. सांगून संपलं होतं. थोडा वेळ मिळावा म्हणून त्यांनी मान वळवून पडद्याकडे बघितलं. तेच दोन आकडे. चंद्र दारात, शनी टोकाला. इतका वेळ बाईंनी मधलं अंतर मोजलं होतं, कारण त्यांना युती नाही हे सिद्ध करायचं होतं. आता सिद्ध करायचं काही उरलं नाही तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिशा दिसली. चंद्र चालतो. शनीच्या मानाने तर पळतोच. तो पुढे आणि शनी मागे असते, तर भेट होऊन गेलेली असती. इथे चंद्र मागे होता. नवशिक्यालाही ठाऊक असलेली गोष्ट. अंशांच्या नादात त्यांनी ती बाजूला टाकली होती.

हे आपण बोलणार आहोत ते ज्योतिष की नुसती समजूत, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. पुढेही कधी आलं नाही. आजवर अशी शंका असलेलं एक अक्षर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "मी अर्धंच सांगितलं. युती नव्हती, म्हणजे झालेली नव्हती. व्हायची होती."

ती उभीच होती, पण पिशवी तिने पुन्हा खुर्चीवर टेकवली.

"युती म्हणजे काय? दोघांनी जवळ येणं. पण दोघंही सारखेच चालतात असं नाही. शनी एकेका घरात वर्षानुवर्षं बसून राहतो. जायचं असतं ते चंद्राने. तुमचा मुलगा जन्मला तेव्हा चंद्र नुकता घरात आला होता आणि शनी पार तिकडच्या टोकाला. मधे एवढं अंतर होतं, ते खोटं नाही. ते पत्रिकेतच आहे." इथे बाईंचा आवाज जरा अडखळला, पण त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "तुम्ही लांब राहिलात, तेही तिथे आहे. पण चंद्राचं तोंड शनीकडे आहे. पाठ नाही. तो त्याच्याकडेच निघालेला आहे."

"चंद्र म्हणजे मी," ती म्हणाली.

"हो."

"आणि पोचला की? त्याला काही होणार नाही ना?"

इथे एक गोड शब्द टाकला असता तर सगळं सोपं झालं असतं. बाईंनी तो टाकला नाही. "उद्याचं मला ठाऊक नाही. ते पत्रिकेत दिसतं असं मी म्हणणार नाही. चंद्र-शनीची भेट सुखाचीच होते, असंही म्हणणार नाही. ते डॉक्टरांच्या हातात. पण त्याच्या वाटेत तुमची सावली कुठेही आडवी आलेली नाही. अंश न अंश बघून सांगतेय."

गल्लीत कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. ती समोरच्या न प्यायलेल्या पाण्याकडे बघत होती. मग तिने तो पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"मग आता जायचं?" तिने विचारलं.

"आता जायचं."

आतल्या दारात हालचाल झाली. गुरुजी भिंतीला हात लावत लावत बाहेर आले होते. या खोलीत ते कित्येक महिन्यांनी येत होते. आवाजाच्या रोखाने त्यांनी चेहरा वळवला, पण तो थोडा बाजूला, रिकाम्या खुर्चीकडेच वळला.

"पोरी," ते म्हणाले, "मी तुला त्या वेळी..."

बाईंनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला, घट्ट. गुरुजी थांबले. लेकीच्या हाताला आज त्यांच्याशी काय बोलायचंय ते त्यांना कळलं. मी चुकलो, एवढं म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं, पण ते म्हटलं की समोरच्या बाईच्या हातात आयुष्यातलं काहीच उरणार नव्हतं. माफी मागायचीही सोय राहिली नव्हती. ओठ दोनदा हलले आणि मिटले.

"...मी तुला त्या वेळी जे सांगितलं, ते तू फार निभावलंस," ते म्हणाले. "आता जा. हिलाही ने बरोबर."

तिने वाकून त्यांना नमस्कार केला. गुरुजींचा हात आशीर्वादाला उठला आणि अर्ध्यावरच थांबला. तो तसाच हवेत राहिलेला बाईंनी पाहिला आणि त्या चपला घालायला वळल्या.

हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ होतं. वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. एकदा तिने विचारलं, "फळं घ्यावीत का?" बाई म्हणाल्या, "उद्या ऑपरेशन आहे, खाऊ देणार नाहीत." एकदा ती औषधाच्या दुकानासमोर थांबली आणि काचेत बघून केस सारखे केले. हॉस्पिटलच्या जिन्यावर फिनेलचा वास होता. लिफ्टसमोर गर्दी म्हणून त्या जिन्यानेच वर गेल्या. दर मजल्याला तिचा वेग कमी होत होता. दम लागला असेल, असं बाईंनी स्वतःला समजावलं.

हृदयविभागाच्या दाराशी खाकी कपड्यातला एक माणूस स्टुलावर बसला होता. दाराला वरच्या बाजूला काच. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग.

"कुणाकडे?"

तिने खाटेचा नंबर सांगितला. बहिणीने फोनवर सांगितलेला तिने पाठ केला असावा.

"एका पेशंटपाशी एकच माणूस," तो म्हणाला. "आणि त्याची आई बसलीय आत. तुम्ही कोण लागता?"

तिने बाईंकडे बघितलं. बाईंना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, पण त्या गप्प राहिल्या. हे काही त्यांनी सांगण्यातलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली. लहानपणापासून तो तिला तेच म्हणत आला होता.

"मग बसा तिकडे. आई बाहेर आली की सोडतो. मावशी, मामी, आत्या, सगळ्यांना सोडायला लागलो तर पेशंटला झोपवायचं कुठे?"

ती निमूट खुर्चीकडे वळली. जणू इतकं अंतर येऊनही शेवटी हेच व्हायचं होतं, आणि त्यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. बाईंना त्या माणसाचा राग आला, मग तिचा आला, मग स्वतःचा. त्या काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि पाण्याची रिकामी बाटली हातात घेतलेली एक थोराड बाई बाहेर आली. तोच नाकाचा वळसा, तीच हनुवटी. मोठी बहीण म्हणून सांगायला नको होतं.

बहिणी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

"किती उशीर केलास गं," मोठी म्हणाली. मग दारावरच्या माणसाकडे वळली. "हिला सोडा आत."

"अहो मावशी आहेत ना त्या? तुम्ही आधी पाणी भरून घ्या, मग आत जा. त्या थांबतील."

"मावशी मी आहे. आई ती आहे."

तो वैतागला. "मघाशी तर तुम्हीच सांगितलंत, मी आई म्हणून."

"मघाशी होते," मोठी बहीण म्हणाली.

त्या माणसाने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. रोज या दाराशी बसून त्याने बरंच काही पाहिलं असणार. तो काही न बोलता स्टुलावरून उठला आणि त्याने दार धरलं.

"पाणी मागेल," मोठी धाकटीला सांगू लागली, भरभर, गाडी सुटताना सांगतात तसं. "चमच्याने ओठ ओले करायचे फक्त, जास्त नाही. डाव्या हाताला सुई आहे, तिकडून धरू नकोस. आणि रडू नकोस. तू रडलीस की तो घाबरेल."

ती आत गेली. दार मागून हळूच मिटलं.

मोठी बहीण खुर्चीवर बसली, काचेकडे पाठ करून. बाई तिच्या शेजारी बसल्या. आपण कोण, हे तिने विचारलं नाही, आणि बाईंनाही ते सांगावंसं वाटलं नाही. त्यांच्या घराने या दोघींचं काय केलं होतं, हे सांगायला एका प्लॅस्टिकच्या खुर्चीइतकी जागा पुरली नसती.

"बघा ना जरा," थोड्या वेळाने मोठी म्हणाली. तिने स्वतः मान वळवली नाही. "गेली का जवळ?"

बाई उठून काचेपाशी गेल्या. आत खाटांची रांग होती. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, लोखंडी दांडीला धरून. पांघरुणाखाली एक मोठा, रुंद खांद्यांचा माणूस पडला होता आणि तिच्याकडे बघत होता. तीही बघत होती, पण तिथून हलत नव्हती.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

मग तिने दांडीवरचा हात सोडला. खाटेच्या कडेकडेने, पांघरुणाच्या काठावर बोटं टेकवत, ती निघाली. गुडघ्यापाशी थांबली. कमरेपाशी थांबली. त्याने उजवा हात उचलून पुढे केला होता, आणि तो उचललेला ठेवायला त्याला त्रास होत होता, हे बाईंना काचेतूनही दिसलं. आपण डोळे पुसतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"सांगा ना," मागून मोठी म्हणाली. "पोचली का?"

"पोचली," बाई म्हणाल्या.

मोठ्या बहिणीने मान हलवली. मग डोळे मिटून, रिकामी बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून, ती बसून राहिली.